विमानातल्या खोबरेबंदीची कुळकथा

धोकादायक मालाची वाहतूक कशी करावी यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने एक जागतिक यादी केली आहे. स्फोटकं, आम्लं, विषारी वायू आणि किरणोत्सारी पदार्थांच्या त्या यादीत १३२७ या क्रमांकावर तीन साधी नावं एकत्र येतात: गवत, पेंढा आणि भुसा. पहिल्या दोघांना इंग्रजी शब्द आहेत. तिसरं मात्र रोमन लिपीत ‘भुसा’ असंच छापलेलं आहे, आपल्याकडे गोठ्यात म्हणतात तसं. तिथून छत्तीस क्रमांक पुढे गेलं की १३६३ वर ‘कोप्रा’ सापडतं, म्हणजे सुकं खोबरं. आज भारतातल्या विमानतळावर बॅग उघडायला लावून खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढल्या जातात, त्यामागे हा १३६३ क्रमांक आहे. बंदीचं कारण विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. माझं म्हणणं असं की या बंदीचा जन्म आगबोटीच्या तळाशी झाला, ती तिथून विमानात चढली, आणि १३२७ वरचा भुसा हा तिच्या मूळ गावाचा पुरावा आहे.

प्रवाशाने विमानात काय न्यावं याचे बाकीचे नियम कुठून आले हे बहुतेकांना ठाऊक असतं. १९७० च्या आसपासच्या अपहरणांनी हँडबॅगेची तपासणी आणली. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमानात बॅग गेली, तिचा मालक गेला नाही, ३२९ माणसं प्राणाला मुकली आणि प्रवासी व त्याची बॅग यांचा मेळ घालण्याचा नियम कडक झाला. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवस्फोटकांचा कट उघडकीला आला आणि त्यातून १०० मिलिलिटरची मर्यादा निघाली. खोबऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी अशी कुठलीच घटना विमानांच्या इतिहासात नाही. तरी २०२२ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने, म्हणजे बीसीएएसने, सुक्या खोबऱ्याचं नाव निषिद्ध वस्तूंमध्ये स्पष्ट घातलं आणि मुंबई विमानतळावर चेक-इन बॅगांतून वाट्या निघू लागल्या. त्या निघणारच होत्या. जेजुरीला भंडाऱ्याबरोबर खोबरं उधळलं जातं आणि प्रसाद म्हणून घरी येतं. गोडा मसाला, कांदा-खोबऱ्याचं वाटण, गणपतीतली खिरापत, यांतलं काहीच सुक्या खोबऱ्याशिवाय होत नाही. दुबईला निघालेल्या माणसाच्या खिरापतीवर तर दुहेरी संकट येतं, कारण तिच्यातली खसखस अमिरातीत निषिद्ध आहे आणि खोबरं विमानात.

बंदीची जी कारणं सांगितली जातात त्यांतलं पहिलं सुरक्षेचं. नारळ टणक असतो, फेकून मारता येतो, पोकळ असल्याने आत काही दडवता येतं, वगैरे. हे कारण अख्ख्या नारळाला लागू पडतं आणि केबिनमधल्या नारळावरचा निर्बंध त्यातूनच आला आहे. त्याचा पुरावा शबरीमलाच्या यात्रेकरूंना मिळणाऱ्या सवलतीत आहे. ते इरुमुडीत, म्हणजे यात्रेच्या गाठोड्यात, तूप भरलेला नारळ घेऊन निघतात, आणि यात्रेच्या हंगामापुरती तो केबिनमध्ये नेण्याची मुभा बीसीएएसने वेळोवेळी दिलेली आहे. अट एवढीच की क्ष-किरण यंत्र, स्फोटकांच्या अंशांची चाचणी आणि हाताने तपासणी हे तिन्ही व्हायला हवं. तपासणीने ज्याची शंका फिटते ती सुरक्षेची शंका. खोबऱ्याच्या वाटीत मात्र दडवायला जागाच नसते. ती उघडी, पातळ आणि डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे, तरी ती प्रवाशाच्या हाताला लागणार नाही अशा चेक-इन बॅगेतही चालत नाही. ज्या वस्तूची भीती हल्ल्यासाठी वाटते ती विमानाच्या पोटात पाठवतात. चाकू, कात्री, क्रिकेटची बॅट, सगळ्यांचा रस्ता तोच. पोटातही नको म्हटलं की भीती आगीची आहे हे नक्की समजावं.

दुसरं कारण म्हणूनच अधिक वजनदार वाटतं: खोबऱ्यात तेल असतं आणि तेल पेटतं. विमान कंपन्या प्रवाशाला सहसा हेच सांगतात. सुक्या खोबऱ्यात साठ ते सत्तर टक्क्यांच्या आसपास तेल असतं हे खरंच आहे. पण पेटवल्यावर पेटणं वेगळं आणि आपोआप पेटणं वेगळं. यादीत खोबरं ४.२ या वर्गात बसतं, तो आपोआप तापून पेट घेणाऱ्या पदार्थांचा वर्ग आहे. तेलाने आपोआप तापायचं तर त्याने हवेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढायला हवा, आणि ती ओढ किती हे तेलाच्या आयोडीन मूल्यावरून समजतं. जवसाच्या तेलाचं आयोडीन मूल्य १७० ते २०० च्या घरात असतं, म्हणून जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली की पेटतात. सुतारकामाच्या आणि रंगाच्या कारखान्यांत ही जुनी, माहीत असलेली आग आहे. खोबरेल तेलाचं मूल्य साधारण ६ ते ११. त्यातली सुमारे नव्वद टक्के मेदाम्लं संपृक्त असतात, ऑक्सिजनला धरायला जागाच कमी. रोजच्या वापरातल्या खाद्यतेलांत आपोआप तापण्याच्या बाबतीत खोबरेलाइतकं थंड तेल विरळा. तेलामुळेच बंदी असती तर शेंगदाणे, तीळ आणि जवसाची चटणी खोबऱ्याच्या आधी अडली असती. शेंगदाणे आणि जवस दोन्ही बॅगेत खुशाल जातात.

मग खोबरं पेटतं कशाने? ओलाव्याने. ओल्या नारळाच्या गरात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते सहा-सात टक्क्यांवर आणलं की टिकाऊ खोबरं होतं. घाईने वाळवलेल्या खोबऱ्यात पाणी उरतं, त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि वाढताना उष्णता सोडतात. त्याच वेळी तेल फुटून खवट मेदाम्लं सुटतात. ढीग लहान असेल तर उष्णता उडून जाते. ढीग मोठा असेल तर ती मधोमध साठत जाते, आणि एका मर्यादेनंतर जिवाणू मरून जातात पण रासायनिक तापणं चालू राहतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. ओलसर कडबा किंवा गवत रचून गंजी लावली की ती आतून तापते, वाफाळते आणि कधी कधी मध्यातून काळी पडत पेट घेते. भुसा आणि खोबरं एकाच यादीत का आले याचं उत्तर इथे आहे. दोन्ही वाळवलेला शेतमाल, दोन्ही ओले राहिले तर धोका, आणि दोन्हींचा धोका ढिगाच्या आकारावर अवलंबून. या यादीतले बाकीचे शेजारी पाहिले तर खात्री पटते: १३६४ वर तेलकट कापूस-कचरा, १३६५ वर ओला कापूस, १३७२ वर ओलसर तंतू, १३८६ वर पेंड, १३८७ वर ओली लोकर. ही एका जमान्यातल्या बंदरावरच्या मालाची यादी आहे. प्रवाशाच्या बॅगेची यादी करायला बसलेल्या माणसाला ओली लोकर आणि पेंड आठवलीच नसती.

खोबरं मात्र बोटीत काही एकोणिसाव्या शतकात चढलेलं नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. नारळ वाळवून केलेल्या कोप्राचा आणि ते ओर्मुझला व घाटमाथ्यावर जातं याचा उल्लेख त्यात आहे. ‘कोप्रा’ हा शब्द मलयाळममधल्या ‘कोप्परा’वरून पोर्तुगिजांनी उचलला की हिंदी ‘खोपरा’ आणि मराठी ‘खोबरं’ यांच्या कुळातून, यावर दोन पक्ष आहेत. मला मलबारचा पक्ष बळकट वाटतो, कारण पोर्तुगीज आधी तिथे उतरले आणि माल तिथे भरला जात होता. वादाचा निकाल काहीही लागो, इतकं स्पष्ट दिसतं की शिडाच्या जहाजांतून आखाताकडे खोबरं जात होतं तेव्हा ते खाण्याचं खोबरं होतं. ते उन्हात नीट वाळवलेलं असे आणि बेताच्या प्रमाणात जाई. धोक्याचं खोबरं पुढे जन्मलं. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर, आपिया बंदरात, हँबुर्गच्या गोडेफ्रॉय पेढीचं मोठं ठाणं होतं. आधी बेटांवरच तेल काढून ते पिंपांतून युरोपला जाई. १८६० नंतरच्या वर्षांत या पेढीचा तिथला प्रमुख थिओडोर वेबर याने तेलाऐवजी वाळवलेला गरच पाठवण्याची पद्धत रूढ केली. तेल युरोपात यंत्राने काढायचं, पेंड गुरांना विकायची. १८८४ मध्ये लिव्हर बंधूंनी ‘सनलाइट’ साबण बाजारात आणला, मार्गारिनचा धंदा वाढला, आणि खोबरं हा कारखान्याचा कच्चा माल झाला.

या बदलाने तीन गोष्टी एकदम केल्या आणि त्या तिन्ही आगीच्या बाजूच्या होत्या. पावसाळी बेटांवर गर घाईने, बहुधा धुरावर, अर्धवट वाळवला जाऊ लागला, कारण साबणाला चव नसते. तो पोत्यांऐवजी सुटा, टनांनी, लोखंडी जहाजाच्या तळात ओतला जाऊ लागला. आणि उष्ण कटिबंधातून युरोपपर्यंत कित्येक आठवडे तो दमट, बंद कोठीत पडून राहू लागला. या अनुभवाचं सार आजही सुट्या मालाच्या सागरी संहितेत वाचायला मिळतं. तिथली कोप्राची नोंद बारकाईने पाहण्यासारखी आहे. खवट उग्र वास येतो, बाकीच्या मालाला तो वास लागतो, कोठीतला ऑक्सिजन कमी होतो, पाणी लागलं की तापून पेटू शकतं, असं वर्णन करून ती अट घालते: चढवण्यापूर्वी किमान महिनाभर माल हवेशीर ठेवलेला असावा, नाहीतर ओलावा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही असा दाखला कप्तानाला मिळावा. म्हणजे ज्या समुद्रावर खोबऱ्याच्या आगीचा खरा अनुभव आहे, तिथेही खोबऱ्यावर बंदी नाही. तिथे ओलावा विचारतात, वाळवण विचारतात आणि टनांनी चढवू देतात.

भुशाचा शब्द यादीत कसा आला यावर माझा तर्क सांगतो. पहिल्या महायुद्धात मुंबई आणि कराची बंदरांतून मेसोपोटेमियाच्या आघाडीवर हिंदी फौज गेली. तिच्याबरोबर हजारो घोडी-खेचरं गेली, आणि त्यांची वैरणही जहाजांनीच जाणार होती. ब्रिटिश जहाजांच्या कागदपत्रांत ‘भुसा’ हा लष्करी पुरवठ्याचा शब्द म्हणून बसला असावा आणि तिथून धोक्याच्या मालाच्या सूचीत उतरला असावा. याला पर्याय म्हणून कोणी म्हणेल की हा शब्द हिंदुस्थानातल्या रेल्वेच्या मालदर-पुस्तकांतून आला. तेही अशक्य नाही. पण रेल्वेचा शब्द देशातच राहिला असता. जगाच्या यादीत जायला त्याला जहाज लागलं असणार, आणि माझ्या मुद्द्याला तेवढं पुरतं.

पुढचे टप्पे सर्वांना उपलब्ध आहेत म्हणून थोडक्यात. धोकादायक मालासाठी राष्ट्रसंघाची तज्ज्ञ समिती १९५३ मध्ये नेमली गेली, तिच्या शिफारशी १९५६ मध्ये आल्या. त्याच वर्षी विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेने स्वतःचे पहिले नियम काढले. सागरी संहिता १९६५ ची. मग ३ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालेलं पॅन ॲमचं मालवाहू ७०७ बोस्टनजवळ धुराने भरून कोसळलं आणि तिन्ही वैमानिक-कर्मचारी गेले. नायट्रिक आम्लाच्या बाटल्या लाकडाच्या भुशात बांधून पाठवल्या होत्या, आम्ल गळलं आणि भुसा पेटला, असं चौकशीत पुढे आलं. त्यानंतर विमानांसाठी बंधनकारक नियमांची गरज सगळ्या देशांना पटली आणि १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचं १८ वं परिशिष्ट स्वीकारलं. त्याच्या तांत्रिक सूचनांनी राष्ट्रसंघाची यादी, तिचे क्रमांक आणि वर्ग घेतले. आपले धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचे २००३ चे नियम त्याच सूचनांना बांधलेले आहेत. आणि त्या सूचनांमध्ये प्रवाशांसाठी एक सरसकट वाक्य आहे: यादीतला कुठलाही धोकादायक माल प्रवाशाने नेऊ नये, सोबतच्या तक्त्यात सूट दिली असेल तेवढाच न्यावा. तक्त्यात कोप्रा नाही. खोबऱ्यावर विमानासाठी वेगळा विचार करून कोणी बंदी घातली असं नव्हे. यादी आत आली, सूट कोणी मागितली नाही, बंदी आपोआप पडली.

हा तक्ता वाचला की उसनवारीचा ठसा अगदी स्पष्ट दिसतो, कारण तक्त्यात प्रत्येकाला माप आहे. ड्राय आइस माणशी अडीच किलो. २४ ते ७० टक्के अल्कोहोलचं मद्य माणशी पाच लिटर. केसांचे फवारे आणि तत्सम डबे मिळून दोन किलो किंवा दोन लिटर. बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक केबिनमध्येच, कारण ती पेटली तर विझवायला माणूस जवळ हवा. हिमकडा कोसळल्यावर फुगणारी गिर्यारोहकाची पाठपिशवीसुद्धा माणशी एक. या सगळ्या वस्तू खोबऱ्यापेक्षा उघड धोक्याच्या आहेत, पण त्यांच्यासाठी कोणीतरी प्रस्ताव मांडला, मोजमाप केलं आणि आकडा ठरवला. आपोआप तापण्याच्या बाबतीत तर आकाराचं महत्त्व राष्ट्रसंघाने स्वतःच्या चाचणीत लिहून ठेवलं आहे. नमुना अडीच सेंटिमीटर आणि दहा सेंटिमीटर बाजूच्या जाळीच्या घनांत भरून १४० अंशांवर चोवीस तास ठेवतात. चाचणीचा पाया लाकडी कोळशावर बेतलेला आहे: २७ घनमीटरचा ढीग असेल तर तो ५० अंशांवर पेटू शकतो. कमी तापमानाच्या चाचणीत जो पदार्थ तापत नाही त्याला ४५० लिटरपर्यंतच्या पॅकिंगमध्ये या वर्गातून सूटही मिळते. उष्णता घनफळात तयार होते आणि पृष्ठभागातून निसटते. बाजू दहापट केली की घनफळ हजारपट आणि पृष्ठभाग शंभरपट, हा त्यामागचा हिशेब. एक किलो वाट्या दोनेक लिटर जागा व्यापतात. पण कोप्राची नोंद नावानिशी असल्याने त्याला कोणी परिमाण विचारत नाही.

यावर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला, यात्रेच्या दिवसांत एका विमानात १८० प्रवासी प्रत्येकी दोन किलो नेतील, म्हणजे ३६० किलो. उत्तर असं की ते एका ढिगात नसतं. वेगवेगळ्या बॅगांत, कपड्यांत विखुरलेल्या दोन-दोन किलोंची उष्णता एकमेकांत मिसळत नाही. दुसरा, विमानाच्या पोटातली हॅलॉन वायूची व्यवस्था ज्वाळा दाबते पण आतून धुमसणारी आग पुरती विझवत नाही, म्हणून धुमसणाऱ्या पदार्थाला अधिक कडक नियम हवा. हा मला मान्य आहे, आणि म्हणूनच बंदी नुसती उठवा असं मी म्हणत नाही. तिसरा सर्वांत अवघड: काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने खोबऱ्याचा ओलावा मोजायचा कसा? पण तो पॉवर बँकेचे वॉट-अवरही मोजत नाही, छापलेला आकडा वाचतो. कारखान्यात सीलबंद केलेल्या, वजन आणि ओलावा छापलेल्या पाकिटावर तोच व्यवहार चालेल. सुट्या, घरी वाळवलेल्या वाट्या तूर्त बाहेर राहिल्या तरी अन्याय निम्मा होईल.

शिवाय भारत सरकारला खोबऱ्यातला फरक उत्तम कळतो. किमान आधारभूत किंमत जाहीर करताना ते तेलघाण्याचं खोबरं आणि गोटा खोबरं यांचे भाव वेगळे लावतं. गोटा करायचा तर पिकलेले नारळ न सोलता माळ्यावर आठ ते बारा महिने ठेवतात. आतलं पाणी आटतं, गर करवंटीपासून सुटतो आणि नारळ हलवला की आत गोळा खुळखुळतो. कर्नाटकातल्या तिपटूरचा गोटा यासाठीच नावाजलेला आहे. वर्षभर संथपणे वाळलेला हा गोळा आणि सामोआच्या धुरावर घाईने भाजलेला साबणाचा कच्चा माल यांना १३६३ या एका क्रमांकात कोंबणं ही शंभर वर्षांपूर्वीच्या बंदरावरची सोय होती. किराणा दुकानात मिळणारा खोबऱ्याचा कीसही सुका गरच आहे, तेल तितकंच आहे, पण त्याचं नाव कोप्रा नसल्याने तो त्या नोंदीत येत नाही. खोबरं भाजून वाटलेला मसालाही येत नाही. धोका पदार्थात असता तर कीस आणि वाटी यांना वेगळा न्याय मिळाला नसता.

बाहेरचा दाखला हवा असेल तर तो पुन्हा भुशाकडेच आहे. युरोपातल्या रस्ते वाहतुकीच्या करारात १३२७ हा क्रमांक आजही छापलेला आहे, आणि गवत, पेंढा, भुसा यांच्यापुढे ‘या नियमांना अधीन नाही’ असा शेरा आहे. यादीतलं नाव तसंच ठेवून, वाहन आणि प्रमाण पाहून नियम सैल करता येतो, हे युरोपने आपल्याकडच्याच शब्दाच्या बाबतीत करून दाखवलं. खोबऱ्यासाठी ते काम दुसरं कोणी करणार नाही. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सबरोबर भारत नारळाच्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी आहे, आयकाओचा सदस्य आहे, आणि बॅगेतून खोबरं नेणारे प्रवासी मुख्यतः आपले आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नारळ विकास मंडळाकडून गोट्याच्या आणि वाटीच्या चाचण्या करून घ्याव्यात आणि सीलबंद खाद्य खोबऱ्याला माणशी दोन किलोंची सूट आयकाओच्या तक्त्यात मागावी. तांत्रिक सूचनांची नवी आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते, तेव्हा प्रस्तावाला फार वाट पाहावी लागणार नाही. तोवर मात्र वाट्या बॅगेत भरू नका. नियम उसना असला तरी आज तो लागू आहे, आणि काढून घेतलेलं खोबरं परत मिळत नाही.